पेतोफीच्या पुतळ्यापासून ३०१ क्रमांकाच्या विभागापर्यंत

डॅन्यूबच्या पूर्व तीरावर, बुडापेस्टच्या पेश्त भागात, कवी शांदोर पेतोफीचा पुतळा उजवा हात उंचावून उभा आहे. २३ ऑक्टोबर १९५६ च्या दुपारी विद्यार्थ्यांचा जमाव याच पुतळ्यापासून निघाला आणि मार्गारेट पूल ओलांडून बुडा भागातील योझेफ बेमच्या पुतळ्यापाशी पोहोचला. म्हणून मीही तीच वाट पायी चालायचे ठरविले. बेम हा मूळचा पोलिश सेनानी. १८४८-४९ च्या हंगेरियन स्वातंत्र्ययुद्धात तो हंगेरीच्या बाजूने लढला होता, आणि १९५६ च्या त्याच ऑक्टोबरमध्ये पोलंडने मॉस्कोच्या दडपणाला न जुमानता आपला नेता निवडला असल्यामुळे, त्या देशाचे अभिनंदन करण्यास याहून उचित स्थळ विद्यार्थ्यांना सुचले नसते.

त्यांच्या सोळा मागण्यांत सोव्हिएट फौजेची परतपाठवणी, गुप्त मतदानाने अनेकपक्षीय निवडणुका, माजी पंतप्रधान इम्रे नाज यांच्या नेतृत्वाखाली नवे सरकार या मागण्या होत्याच; पण देशातील युरेनियमविषयी झालेले करार जाहीर करावेत आणि कारखान्यांतील कामाचे ठरावीक प्रमाण फिरून तपासावे, अशाही होत्या. या आंदोलनाला प्रतिगाम्यांचे बंड म्हणून हिणविणाऱ्यांनी ही यादी निदान एकदा डोळ्यांखालून घालावी असे मला मनापासून वाटते. आपल्या भूमीतून काय नेले जाते हे विचारणे आणि कामगाराच्या घामाचा हिशेब मागणे हा कोणत्या धर्मशास्त्रानुसार प्रतिगामीपणा ठरतो?

त्याच रात्री स्टालिनचा प्रचंड पुतळा पाडण्यात आला, तेव्हा चौथऱ्यावर त्याचे बूट तेवढे उरले. नभोवाणी केंद्रापाशी मात्र गुप्त पोलिसांच्या गोळ्या सुटल्या आणि मोर्चाचे युद्ध झाले.

बंडखोरांचा तळ असलेले कोर्विन चित्रपटगृह पाहिल्यावाचून ते युद्ध समजत नाही. इमारतीभोवती वर्तुळाकार गल्ली, आत शिरायला चिंचोळ्या वाटा, समोर किलियान बराकी आणि मागे पेट्रोलचा पंप: रणगाडा आत शिरू शकत नव्हता आणि पेट्रोलने भरलेली बाटली मात्र सहज बाहेर पडत होती. दाराशी एका किशोराचा पुतळा आहे; अंगावर ढगळ कोट, हातात बंदूक. त्याच्याएवढीच मुले येथे खरोखर लढली, हे आठवून मी त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.

१ नोव्हेंबरला, आता पंतप्रधान झालेल्या नाज यांनी वॉर्सा करारातून बाहेर पडून हंगेरी तटस्थ असल्याचे जाहीर केले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएट रणगाडे राजधानीवर चालून आले. सुमारे अडीच हजार हंगेरियन माणसे मारली गेली, सुमारे दोन लाख सरहद्द ओलांडून परागंदा झाली. नाज यांनी युगोस्लाव्ह वकिलातीत आश्रय घेतला. सोव्हिएट पाठबळाने आलेल्या यानोश कादार यांच्या सरकारने सुरक्षिततेची लेखी हमी दिली, त्या हमीवर विसंबून ते बाहेर पडताच सोव्हिएट अधिकाऱ्यांनी त्यांना ताब्यात घेऊन रुमानियात नेले. १६ जून १९५८ रोजी त्यांना फाशी झाली. त्यांनी दयेचा अर्ज केला नाही.

राकोशकेरेस्तूरची सार्वजनिक दफनभूमी शहराच्या कडेला आहे आणि ३०१ क्रमांकाचा विभाग तिच्याही अगदी टोकाला. तिथवर चालताना भोवतालची संगमरवरी थडगी विरळ होत जातात आणि शेवटी कोरीव लाकडी स्तंभांच्या रांगा लागतात. तुरुंगाच्या आवारात पुरलेले नाज यांचे प्रेत पुढे येथे आणून डांबरी कागदात गुंडाळून, तोंड खाली करून पुरण्यात आले, आणि दप्तरात नोंद झाली ती एका स्त्रीच्या खोट्या नावाने. लक्षावधींची फौज पाठीशी असलेल्या सत्तेला एका मृताच्या नावाची इतकी धास्ती वाटावी, यातच त्या सत्तेच्या बळाचे खरे माप आले.

१६ जून १९८९ रोजी पुनर्दफनापूर्वी वीरचौकात सहा शवपेट्या ठेवण्यात आल्या. पाच नाज व त्यांच्या सहकाऱ्यांच्या, सहावी रिकामी, अनाम हुतात्म्यांसाठी.

आपल्याही वाट्याला या इतिहासाचे एक पान आले आहे. सोव्हिएट फौज मागे घ्यावी आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात, या नोव्हेंबर १९५६ च्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. नेहरू सरकारच्या या धोरणावर जयप्रकाश नारायण यांनी त्या वेळीच उघड टीका केली. जयप्रकाशांचे बरोबर होते. बुडापेस्टला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने किल्ला व स्नानगृहे अवश्य पाहावीत, नौकाविहारही करावा, पण एक सकाळ ३०१ क्रमांकाच्या विभागासाठी राखून ठेवावी.