पळसनाथ वर येतो, गाव येत नाही

बारामती

प्रिय ताई,


पंचेचाळिशीत काडीमोड झालेली बाई मनाच्या उभारीवरच पुन्हा उभी राहते, असे तू लिहिलेस. या मुलखात ते पटणे अवघड आहे. इथली हिरवाई नीरा डाव्या कालव्याची, आणि पैसा उसाचा. कारखान्यात ऊसनोंद होते ती खातेदाराच्या नावाने, शेअर असतो सभासदाच्या नावाने, आणि उसाचे बिल पडते ते त्याच्याच खात्यात. वीस वर्षे रानात राबलेल्या बाईचे नाव यांतल्या एकाही कागदावर बहुधा नसते. नवरा वारला तर ती त्याची वारस ठरते. घटस्फोट झाला तर मात्र त्याच्या जमिनीत वाटा मागायची सोय १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नाही. कलम २५ खाली पोटगी मिळू शकते, पण तिने दुसरे लग्न केले तर न्यायालय तीही बंद करू शकते. नव्याने संसार मांडायचा तर हातातले सोडायची तयारी ठेवायची, असा हा न्याय!

मग उरते माहेर. बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना, १९९४मध्ये, महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हिस्सा दिला. आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ती उणीव २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने भरून निघाली. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. कायदा चोख आहे. रीत मात्र वेगळी. संसार सुरळीत चाललेला असताना बहीण भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करते आणि साडीचोळी घेऊन परतते. पुढे तीच बाई माघारी आली, तर त्या घरात ती पाहुणी असते. म्हणून माझे म्हणणे असे, की पंचेचाळिशीतली नवी सुरुवात पंचविशीतल्या त्या सहीनेच निम्मी ठरवलेली असते. हिस्सा मागितला तर माहेर तुटते, असे तू म्हणशील. कधीकधी तुटते, हे खरे. पण सही देऊन राखलेले माहेर दिवाळीच्या चार दिवसांपुरते आहे की आयुष्यभराच्या आसऱ्याचे, हे कळते तेव्हा बाईच्या हाती काही उरलेले नसते.

रखमाबाई राऊतांचे उदाहरण तू देशीलच. नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, या १८८७च्या कोर्टाच्या हुकमापुढे त्या नमल्या नाहीत. पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण त्यांच्या विधवा आईने पुनर्विवाह करताना पहिल्या नवऱ्याची मालमत्ता लेकीच्या नावे केली होती, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते, आणि खटल्यासाठी समिती उभी राहिली होती. धैर्याला टेकायला जागा होती, ताई.

तुझी,
धाकटी


पळसदेव, ता. इंदापूर

प्रिय ताई,

तुला चमत्कार आवडतात, म्हणून हा एक. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. जुने पळसदेव आणि तिथले पळसनाथाचे मंदिर त्यांतलेच. उन्हाळ्यात धरण ‘मायनसमध्ये’ गेले की आधी शिखर दिसू लागते, मग पाणी आणखी हटले की मंडप मोकळा होतो. इतकी वर्षे बुडून-वर येऊन दगड उभाच आहे; लोक दर्शनाला जातात. बुडालेले आयुष्यही असेच एक दिवस आपोआप वर येईल, अशी आशा वाटायला लावणारीच ही गोष्ट आहे. मात्र देऊळ वर येते, गाव येत नाही. गाव पुणे–सोलापूर रस्त्यालगत नव्याने वसवावे लागले. त्यातही जमिनीचा मोबदला खातेदाराला. जो दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात होता त्याचेही गाव बुडालेच होते. पण त्याच्यापाशी दाखवायला सातबारा नव्हता. घटस्फोटित बाईची गत त्या मजुरासारखी होते.

सरकार लाडक्या बहिणींना महिना १,५०० रुपये देते आणि त्यात घटस्फोटित, परित्यक्ताही आहेत, हे मान्य. तेवढ्यात किराणा भरतो, छप्पर मिळत नाही. शहरातल्या नोकरदार बाईला शेताचे काय, हाही आक्षेप रास्त आहे. तिच्या बाबतीत सातबाऱ्याऐवजी फ्लॅटचा करारनामा वाचायचा, इतकेच. आणि घटस्फोटाचा कागद तरी किती जणींच्या हाती पडतो? २०११च्या जनगणनेत घटस्फोटितांपेक्षा नुसते विभक्त राहणारे अडीचपटींहून जास्त भरले.

हे बदलत नाही असेही नाही. चांदवडच्या १९८६च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून दिली. घर मोडायच्या आधी, गोडीगुलाबीत झालेली ही वाटणी मला कुठल्याही पोटगीपेक्षा मोलाची वाटते.

तुझ्या ओळखीत कोणी परस्पर संमतीच्या अर्जावर सही करणार असेल, तर घराचा-जमिनीचा वाटा आधी लेखी ठरवून घ्यायला सांग. आणि भाच्यांपैकी कुणापुढे हक्कसोडपत्र आले, तर सही करण्याआधी तिने वकिलाकडून ते वाचून घ्यावे.

तुझी,
धाकटी