ब्राउझरच्या पोटातली वही

‘नेटवर ठेवलंय’ असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं बरंचसं नेटवर नसतंच. ते असतं आपल्याच संगणकावर, ब्राउझरच्या पोटात.

१९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकी आणली. कुकी म्हणजे जेमतेम ४ किलोबाइटची चिठ्ठी. त्या संकेतस्थळावर गेलो की दर खेपेला ब्राउझर ती सर्व्हरला दाखवतो. ओळख पटवायला एवढं पुरे. मजकूर ठेवायला पुढे लोकल स्टोरेज आलं. त्यात साधारण ५ मेगाबाइट अक्षरं मावतात, आणि ती आपणहून सर्व्हरकडे जात नाहीत. (सेशन स्टोरेज हे त्याचं अल्पायुषी भावंड, टॅब मिटला की संपलं.) चित्रं, फाइली असलं जड सामान इंडेक्स्डडीबीत जातं.

माझ्या मावशीला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. चवथीच्या माटोळीला लागणारी कांगलां, कवंडळां, घागऱ्यो डोंगराच्या कुठल्या अंगाला मिळतात, हे ती शेजारच्या आबांना विचारून एका संकेतस्थळाच्या टिपणवहीत दोन वर्षं लिहीत होती. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. पान उघडलं की मजकूर हजर.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने संगणक ‘साफ’ करून दिला आणि पान कोरं झालं. त्या साफसफाईत दोन वेगळ्या ओळी असतात. कॅशेतली चित्रं पुसली तर ती पुन्हा उतरतात, बिघडत काही नाही. पण ‘कुकीज आणि साइट डेटा’ या ओळीत लोकल स्टोरेजही येतं. त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. मुलाने दोन्हींवर खूण केली. मला त्याचा राग नाही, त्या ओळीचा आहे. माणसाने लिहिलेलं आणि जाहिरातवाल्यांनी चिकटवलेलं एकाच पंगतीला बसवायचं, हा कुठला न्याय?

फळांची नावं मावशीला पाठ होती, ती पुन्हा लिहून झाली. जागा सांगणारे आबा तोवर वारले होते.

पुसायला माणूसच लागतो असंही नाही. ब्राउझर वापरात आहे, पण एखाद्या संकेतस्थळाला ७ दिवस हात लागला नाही, तर २०२० पासून सफारी त्याचा असा साठा काढून टाकतो. डिस्कवर जागा कमी पडली की इतर ब्राउझरही हात आखडता घेत नाहीत.

तपासायची युक्ती सोपी आहे. लॉगिन न मागणारं तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. रिकामं दिसलं तर मजकूर पहिल्याच्या पोटात आहे. त्याच दिवशी तो साध्या फाइलीत उतरवा, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. मावशीने उरलेलं छापून देवघराच्या फडताळात ठेवलंय.