मुक्काम पोस्ट

टपालखात्याने लोकांच्या हाती आजवर ज्या वस्तू दिल्या, त्यांत पोस्टकार्डाइतकी गरीब आणि पोस्टकार्डाइतकी उदार वस्तू मला दुसरी दिसत नाही. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात ती प्रथम विक्रीस आली आणि पुरती दहा वर्षे लोटण्याच्या आत, १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याच्या किमतीला हिंदुस्थानच्या टपालकचेऱ्यांतून मिळू लागली. लिफाफा नाही, डिंक नाही, गुपित राखण्याची सोय नाही. ज्याला अक्षर कळते त्या प्रत्येकाला वाटेत वाचता यावे असेच जिचे रूप, त्या वस्तूवर आमच्या खानदेशातील कित्येक पिढ्यांनी जन्म, मरण, पीक, पाऊस, सोयरीक आणि सावकाराची मुदत यांचा सारा व्यवहार निभावून नेला. माझ्या आयुष्याची जी काही संगती मला लागते ती या कार्डाच्या आधाराने लागते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे अशी फार दिवसांची इच्छा होती.

माझे बालपण गिरणाकाठच्या एका खेड्यात गेले. दशमान नाणी नुकतीच चालू झाली होती आणि कार्ड पाच नव्या पैशांना मिळत असे. गावात लिहितावाचता येणारी माणसे मोजकीच असल्यामुळे, ज्याच्या नावे टपाल येई तो ते मुंडाशात खोचून शाळेच्या ओट्याशी येऊन उभा राही आणि "गुरुजी, एवढं वाचून द्या" अशी अदबीने विनंती करी. गुरुजी हातातला खडू खाली ठेवीत, कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागले आहे की काय हे आधी पाहत, मग माथ्यावरच्या 'श्री'पासून 'कळावे, लोभ असावा' येथपर्यंत सगळे कार्ड एका संथ, गंभीर आवाजात वाचीत, आणि वर्गातली आम्ही मुले पाढे थांबवून ते ऐकत असू. वार्ता अशुभ असली तर तसले कार्ड घरात न ठेवण्याचा शिरस्ता होता. ते तेथेच फाडले जाई आणि त्या दिवशी वर्गाचा आवाज आपोआप खाली येई. पत्र एकाच्या नावे आणि ऐकणारी सारी आळी, अशी ती वाचनाची पद्धत होती. कोणाचा मुलगा भुसावळच्या रेल्वेत चिकटला, कोणाच्या लेकीचे धरणगावी बाळंतपण कसे झाले, हे आम्हांला भूगोलाच्या धड्याआधी या कार्डांनी शिकविले.

चौथीत गेल्यावर हे वाचनाचे काम गुरुजींनी अधूनमधून माझ्याकडे सोपविले. आमच्या शेजारच्या आजींची मुलगी पारोळ्याकडे दिली होती. तिचे कार्ड आले की आजी ते देवाच्या फळीवर ठेवीत आणि दुपारच्या वेळी मला बोलावून पुनःपुन्हा वाचायला लावीत. त्यांना अक्षर येत नव्हते, परंतु मजकूर तोंडपाठ झालेला असे. मी कंटाळून एखादे वाक्य गाळले की "बाळा, म्हशीचं राहिलं" असे म्हणून त्या मला मागे नेत. वाचणारा मी होतो आणि वाचनाची खरी जाण त्यांच्यापाशी होती, हे मला पुढे शिक्षक झाल्यावर उमगले. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी अक्षरओळख नसताना गाणी रचली, ती त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी उतरून ठेवली म्हणून १९५२ साली महाराष्ट्राच्या हाती आली. हे कानी आले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्या शेजारच्या आजीच उभ्या राहिल्या.

अध्यापन विद्यालयातून उत्तीर्ण होऊन मी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालो. नोकरीची पुष्कळ वर्षे रावेर तालुक्यात, केळीच्या मुलखात गेली. भाषेच्या अभ्यासक्रमात पत्रलेखन होते. परंतु ते पत्र कोणास जात असे? घड्याळ पाठविल्याबद्दल एका कल्पित मामाचे आभार मानावयाचे, सहलीला परवानगी मिळावी म्हणून एका कल्पित वडिलांना विनवावयाचे, आणि ते सगळे वहीच्या पानावर लिहून, तपासून, त्यावर तांबड्या शाईची सही करून बंद करावयाचे. ज्यांना घड्याळ देणारा मामा नव्हता अशी मुलेही तेच आभार मानीत. शुद्धलेखन सुधारत होते. पण लिहिण्यामागे जी ओढ असावी लागते, आपले लिहिणे कोणीतरी डोळ्यांत प्राण आणून वाचील अशी जी खात्री असावी लागते, तिचा मागमूस त्या वह्यांत नव्हता. ही उणीव मला फार टोचू लागली.

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले गेले होते. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण शिक्षक अमळनेरला प्रताप हायस्कुलात आले, आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे येताच त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित काढावयास आरंभ केला. दिवसभर शिकवावे, मुलांची दुखणीखुपणी पाहावी, आणि उद्या ही मुले उठल्यावर काय वाचतील या काळजीने पुन्हा लेखणी उचलावी असा त्यांचा क्रम होता. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात पुतणी सुधा हिला जी पत्रे लिहिली, ती 'सुंदर पत्रे' म्हणून मराठी घराघरांत पोहोचली. वाचणारा माणूस डोळ्यांसमोर धरल्यावाचून साने गुरुजींनी बहुधा एकही ओळ लिहिली नसावी. भारतातील प्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, परस्परांना ओळखावे, ही त्यांची आंतरभारतीची तळमळही याच स्वभावातून उगवली असे मी मानतो.

योगायोग असा की त्याच १९२४ साली, दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातील बार-सुर-लू या गावी, सेलेस्तँ फ्रेने नावाचा खेड्यातला शिक्षक याच वाटेने निघाला होता. महायुद्धात त्याच्या फुफ्फुसाला जखम झाल्यामुळे त्याला वर्गात फार वेळ बोलणे शक्य नव्हते. त्याने मुलांच्या हाती एक लहानसे छपाईयंत्र दिले, त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर त्यांच्याकडूनच छापून घेतला, आणि तो दूर ब्रिटनीच्या समुद्रकाठी त्रेगंक येथील रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाकडे टपालाने पाठविण्यास प्रारंभ केला. डोंगरातली मुले समुद्राविषयी विचारू लागली, समुद्राकाठची डोंगराविषयी. आणि शाळा-शाळांमधील या पत्रव्यवहारातून फ्रान्समध्ये शिक्षकांची एक मोठी चळवळ उभी राहिली. छपाईयंत्र आमच्या आवाक्याबाहेरचे होते. पंधरा पैशांचे कार्ड मात्र होते.

धुळ्यास भरलेल्या शिक्षकांच्या एका शिबिरात साक्री तालुक्यातील एका स्नेह्यांशी माझे हे बोलणे झाले आणि उभयतांनी तेथेच निश्चय केला. १९०६ साली सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडले, एकाचे ठाणे जळगाव आणि दुसऱ्याचे धुळे; त्या रेषेच्या दोन बाजूंना आमच्या दोन शाळा होत्या, आणि एकीकडच्या मुलाने दुसरीकडचा मुलूख पाहिलेला नव्हता. हजेरीपटावरील क्रमांकाने जोड्या लावल्या. मजकूर प्रथम पाटीवर लिहावयाचा, पुसावयाचा, पुन्हा लिहावयाचा, आणि तो मनासारखा झाला म्हणजे मगच कार्डावर उतरावयाचा. कारण कार्डावर जागा थोडी आणि तेथे खाडाखोड चालत नाही. अक्षराची काटकसर, वाक्याची निवड, महत्त्वाचे आधी सांगण्याची सवय, या गोष्टी मला वर्षानुवर्षे शिकवून जमल्या नव्हत्या, त्या त्या चिमुकल्या पिवळट तुकड्याने मुलांना सहज लावल्या.

पत्ता लिहिणे हा तर स्वतंत्र पाठच झाला. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी मूल आपल्या घरापासून बाहेरच्या जगाकडे चालत जाते आणि त्याच पायऱ्यांनी दुसऱ्याच्या दाराशी उतरते. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला होता, आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातील मराठी अधिकाऱ्याने, जो संस्कृतचा कवीही होता, आखली होती, हे सांगितल्यावर मुलांना त्या सहा आकड्यांचे निराळेच अप्रूप वाटू लागले. आमचे आकडे ४२५ ने सुरू होत, त्यांचे ४२४ ने. कार्ड जळगावला जाईल, चाळीसगावला वळेल, तेथून फाट्याच्या गाडीने धुळ्यास उतरेल आणि एस.टी.ने साक्रीला चढेल, असा मार्ग मुले नकाशावर बोटाने काढीत. टपालवाल्या काकांची वाट जशी त्या वर्षी पाहिली गेली तशी त्या गावात पूर्वी कधी पाहिली गेली नसेल.

पहिली कार्डे शिष्टाचाराची होती. सगळ्यांनी खुशाली लिहिली आणि सगळ्यांनी खुशाली विचारली. दुसऱ्या फेरीपासून खरा व्यवहार सुरू झाला. पलीकडच्या एका मुलाने लिहिले की आमच्या फडात यंदा ऊस आहे आणि माझे काका पाटकरी आहेत. आमच्या मुलांना फड म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. विचारणा गेली, उत्तरे आली, आणि हळूहळू पांझरेच्या खोऱ्यातील ती शतकानुशतकांची पाण्याची व्यवस्था आमच्या फळ्यावर उभी राहिली : नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाण्याची राखण व वाटप करण्यासाठी गावानेच नेमलेले हवालदार, जागले, पाटकरी. एका मुलीने विचारले, "तुमचे पाणी कोण वाटते?" या प्रश्नाने आमचा वर्ग स्तब्ध झाला. आमच्याकडे ज्याची विहीर त्याचे पाणी. ते वाटण्याचा प्रश्न कोणी केला नव्हता. मुलांनी घरी जाऊन वडिलांना विचारले, वडिलांनी आजोबांना विचारले, आणि दुसऱ्या दिवशी दोन वृद्ध शेतकरी शाळेत येऊन बाकावर बसले व म्हणाले, "गुरुजी, त्या पोरीला उत्तर आम्ही सांगतो, तुम्ही लिहा." मी त्यांना म्हटले, लिहितील ही मुलेच. पूर्वी पाणी किती हातांवर लागे, मोट कशी चाले, आता विजेच्या पंपाने विहिरी कशा खोल गेल्या, हे सर्व त्यांनी सांगितले आणि ते कार्डात मावेना, म्हणून प्रत्येकाने एकेक भाग वाटून घेतला. भूगोल, इतिहास, शेती आणि मराठी हे चार विषय त्या आठवड्यात वेगळे राहिलेच नाहीत.

भाषेचाही एक आनंद होता. आमच्याकडे घरात लेवा बोली, त्यांच्याकडे अहिराणी. मुले प्रमाण मराठीत सुरुवात करीत आणि जिव्हाळा वाढला की आपापल्या बोलीवर येत. मी ती कार्डे तशीच जाऊ दिली.

कार्डांची ही वार्ता गावभर झाल्यावर घडलेली एक गोष्ट मला या साऱ्या उद्योगाचा सर्वांत मोठा लाभ वाटते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाल्यापासून आमच्या शाळेतही रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग भरत असे, आणि पुढे तो मंदावला होता. येणाऱ्या स्त्रिया सहीपुरती अक्षरे गिरवून थांबत. माझ्या एका विद्यार्थ्याची आई मात्र मुलाच्या शेजारी बसून त्याचे कार्ड रोज निरखू लागली. तिचे माहेर शिरपूरकडचे. एके संध्याकाळी ती एक कोरे कार्ड घेऊन आली. स्वतःच्या हाताने भावाला लिहावयाचे तिने ठरविले होते. तिने मजकूर मला सांगितला नाही, दाखविलाही नाही. फक्त पत्ता बरोबर आहे का एवढेच विचारले. काही दिवसांनी भाऊ कार्ड हातात घेऊनच बहिणीच्या दारी आला. त्यानंतर रात्रीच्या वर्गाला पुन्हा बायका येऊ लागल्या, आणि प्रत्येकीला आधी पत्ता लिहावयास शिकावयाचे होते.

पुढे दोन्ही वर्गांनी धुळ्यास भेटावे असे ठरले, तेव्हा आम्ही मुलांना राजवाडे संशोधन मंडळात नेले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले, आणि त्यांचा कागदपत्रांचा ठेवा त्यांच्या चाहत्यांनी येथे जपला. वाड्यावाड्यांतून, दप्तरांच्या रुमालांतून हिंडून या माणसाने जमा केली ती बहुतांशी पत्रेच होती. मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून त्यांनी छापलेल्या बावीस खंडांचा मोठा भाग कोणीतरी कोणालातरी लिहिलेल्या अशा खुशालीचा आणि हुकुमांचा आहे. मोडीतले कागद पाहून एका मुलाने आपल्या खिशातले जोडीदाराचे कार्ड बाहेर काढून त्यांच्या शेजारी धरले. त्याला काय म्हणावयाचे होते ते तेथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

मला सेवानिवृत्त होऊनही बराच काळ लोटला. आता खेड्यातल्या मुलाच्या घरीही दूरध्वनीचा पडदा आहे आणि क्षणात चित्र, आवाज, मजकूर दूर जातो. त्याचे मला कौतुक आहे, नातवंडांची तोंडे मी त्याच पडद्यावर पाहतो. परंतु शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने त्या वेगात एक हानी आहे. लिहिणे आणि उत्तर येणे यांच्या मधल्या दिवसांत मूल आपल्या वाचकाचा विचार करीत असते, आपण काय लिहिले ते मनात पुन्हा वाचीत असते, आणि लेखनाचा संस्कार नेमका त्याच दिवसांत घडतो. डिसेंबर २०२१ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त टपालखात्याने शाळाशाळांतून पंचाहत्तर लाख पोस्टकार्डांचे अभियान काढले आणि चौथी ते बारावीच्या मुलांनी पंतप्रधानांना पत्रे लिहिली, तेव्हा अनेक मुलांनी आयुष्यात प्रथमच कार्ड हाती धरले असेल. तो उपक्रम मला आवडला. त्याच मुलांना दुसऱ्या तालुक्यातल्या, आपल्याच वयाच्या एका मुलाचा पत्ता मिळाला असता तर त्यांतली किती कार्डे पुढे वर्षभर चालत राहिली असती, हा विचारही मनात येऊन गेला.

म्हणून माझी खानदेशातील आणि खानदेशाबाहेरील शिक्षक-शिक्षिकांना नम्र विनंती आहे. यासाठी कोणाच्या मंजुरीची, अनुदानाची वा परिपत्रकाची वाट पाहू नये. नंदुरबारच्या शाळेने सिंधुदुर्गातली शाळा शोधावी, चोपड्याने चंदगडची, यावलने बेळगावकडची. मुख्याध्यापकांच्या नावे स्वतः पहिले कार्ड लिहावे, आणि उत्तर आले की दुसऱ्या दिवशी वर्गात पाट्या काढावयास सांगाव्यात. कार्ड अजूनही पन्नास पैशांनाच मिळते.