रिव्हेट दिसता कामा नयेत

अभ्यासिकेच्या टेबलावर लढाऊ विमानाचे सुटे भाग पाहून आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने आम्हाला सरळच विचारले, “परीक्षेची पुस्तके बाजूला सारून हे काय खेळणे मांडले आहे? तेही युद्धाचे?” प्रश्न चुकीचा नाही. पण विचारणारा टेबलापाशी पाच मिनिटेही थांबला नाही, म्हणून उत्तर इथे लिहितो आहोत.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये ही विमाने हवाई दलात आली, म्हणजे बासष्ट वर्षांचा हिशेब झाला. त्या दिवशी आम्ही आमच्यातल्या एकाच्या काकांच्या घरी टीव्हीसमोर होतो. वैमानिकांच्या मुलाखती झाल्या, पाहुण्यांची भाषणे झाली, वीरगाथा सांगून झाल्या. काका शेवटी एवढेच म्हणाले, “ओझरचं नाव कुणी घेतलं का रे?”

निदान आम्ही पाहिले तेवढ्या वेळात कुणी घेतले नाही. ओझर म्हणजे नाशिकजवळचे ओझर. मिग-२१ साठी १९६४ मध्ये तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. सहाशेहून अधिक मिग-२१ या देशात तयार झाली. ती काही भाषणांनी तयार झाली नाहीत. काकांचे वडील गावकीची कामे करून थकले. मुलगा आयटीआय करून फिटर झाला आणि मिग-२१ बिसच्या पंखांवर रिव्हेट मारू लागला. त्या घराने एका पिढीत कापलेले हे अंतर कुठल्याही विमानाने कापलेल्या अंतरापेक्षा कमी नाही, असे आमचे मत आहे. असो.

तर आम्ही चौघांनी वर्गणी काढून १/७२ प्रमाणाचे बिसचे प्लॅस्टिक किट मागवले. १/७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, आमचा दहा सेंटिमीटरला किंचित कमी. हातात मावणारे विमान दोन रविवारांत उरकेल, असा आमचा अंदाज होता. सात रविवार गेले आहेत.

पहिली गोष्ट कळली ती ही की या कामात हुशारी फार उपयोगी पडत नाही. भाग चौकटीतून ओढून तोडायचा नाही, कटरने कापायचा. या प्लॅस्टिकचा खास गोंद चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवतो. दोन कडा एकमेकींत विरघळून एक होतात, म्हणून थेंब जास्त पडला की कडच वितळते. फटी लांबीने भरायच्या, वाळू द्यायच्या, मग पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासायच्या. आमच्यातला जो स्पर्धा परीक्षेत सर्वांत पुढे आहे त्याने घाईघाईत पारदर्शक छत साध्या फेविक्विकने लावले. सकाळी पाहतो तर त्याच्या वाफेने छत आतून पांढरे! आत निळसर हिरव्या रंगाची ती खास रशियन कॉकपिट आम्ही तीन संध्याकाळी रंगवली होती. आता ती धुक्यातून दिसते. दुसऱ्याने नाकात वजन टाकायला विसरून सांगाडा जोडला आणि विमान शेपटीवर बसले. मग पुढचा शंकू उपसून मासेमारीच्या गळाचे शिसे आत कोंबावे लागले.

पण खरा वाद झाला रिव्हेटवरून. किटच्या पंखांवर रिव्हेटचे बारीक उंचवटे होते. आम्हाला ते फार आवडले. आम्ही ठरवले होते की ते उठून दिसतील असे रंगवायचे, कारण हेच तर काकांचे काम. विमान उडवणाऱ्याचे नाव सगळे घेतात, निदान आमच्या मॉडेलवर रिव्हेट मारणारा दिसू दे. मोठ्या उत्साहाने आम्ही ते काकांना दाखवायला नेले.

काकांनी चष्मा वर सरकवला, पंखावरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, “हे घासून टाका.”

“काका, पण हेच तर तुमचं...”

“अरे, आमचा रिव्हेट नखाला लागला तर तो पास व्हायचा नाही. तुम्ही मला नापास करून भिंतीवर टांगणार का?”

मग त्यांनी सांगितले ते आम्ही वहीत उतरून घेतले. पत्र्याला भोक पाडायचे, त्याचे तोंड रिव्हेटच्या डोक्याएवढे खोलगट करायचे. बाहेरून एकजण गन लावतो, आतून दुसरा डॉली म्हणजे लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. हाताला बसणाऱ्या धक्क्यावरून कळते. डोके पत्र्याच्या पातळीत आलेच पाहिजे, नाहीतर वेगात तिथे हवा अडते. हिशेब आम्ही नंतर केला. किटवरचा उंचवटा साधारण ०.३ मिलिमीटर, त्याला ७२ ने गुणा, दोन सेंटिमीटरहून मोठे टेंगूळ होते. पाच मिलिमीटरचे खरे डोके आमच्या प्रमाणात ०.०७ मिलिमीटर. म्हणजे प्रामाणिक मॉडेलवर ते दिसूच शकत नाही.

इथे आमची पंचाईत झाली, ती आम्ही लपवत नाही. ज्याचे काम दाखवायचे त्याचे काम न दिसण्यातच त्याची कसोटी! आमच्यातल्या एकाचे म्हणणे आजही असे की उंचवटे ठेवायला हवे होते. इतिहास खोटा झाला तरी चालेल, माणूस दिसला पाहिजे. बाकी तिघांचे म्हणणे, माणसाची दखल त्याच्या कामाला चुकीचे ठरवून घेता येत नाही. त्यासाठी तोंड आहे, लेखणी आहे. निरोपाच्या दिवशी कॅमेरा ओझरला न्यायला कुणाची हरकत होती?

आणि युद्धाचे म्हणाल, तर त्या यंत्राचे आम्हाला प्रेम नाही. मिग-२१ च्या अपघातांत गेलेल्या तरुण वैमानिकांची यादी लांब आहे, ती आम्हाला ठाऊक आहे. पण यंत्र नको म्हणून ते बनवणारे हातही नकोत, हा तर्क आम्हाला मान्य नाही.

मागच्या रविवारी नाकावरची पिटो नळी, वेग मोजणारी ती लांब सुई, घासताना मोडली. काकांनी आपल्या इन्सुलिनच्या जुन्या पेनाची टोपण घातलेली सुई पुढे केली. “ही लावा. पण मधोमध नको. बिसची नळी वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली असते.” फोटो काढून पाहिला, बरोबर होते.

सुई शेवटी लावायची ठरले आहे. तोवर काकांनी प्रायमर दिलेले विमान दिव्याखाली धरले, दोन्ही पंखांवरून नख फिरवले आणि डावा पंख आमच्याकडे केला.

“इथे अजून लागतंय.”

रविवारी परत घासायचा आहे.