सतरा सेकंदांची तालीम

गिरगावातल्या आमच्या घरचा टेपरेकॉर्डर सावकाश चालतो, हे १९९६ सालापर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नाट्यपदं त्यावर जरा जास्तच गंभीर वाटायची, एवढंच. त्या वर्षी मी अकरावीत होतो. कॉलेजातल्या मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर चक बेरीचं ‘जॉनी बी. गूड’ होतं आणि त्याची सुरुवातीची सतरा सेकंदं मला गिटारवर हवी होती. शब्द सुरू व्हायच्या आधी गिटार जे काही बोलून घेते, तेवढाच तुकडा. ऐकायचं, थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. तीन आठवडे घरच्यांनी ते सोसलं.

माहीमचे आमचे गिटारचे सर गोव्याचे. उमेदीच्या काळात हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगना वाजवलेले. मी ऐटीत वाजवून दाखवलं. त्यांनी काही न बोलता आपली तबकडी लावली आणि म्हणाले, “आता हिच्याबरोबर वाजव.” पहिल्याच सुराला भातात खडा लागावा तसं झालं.

“तुझा टेप आळशी आहे रे,” सर हसले. “अर्धा सूर खाली गेलाय. हे गाणं ए मध्ये नाही, बी फ्लॅटमध्ये आहे. सहाव्या फ्रेटवर ये.”

घरी येऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी पेटी काढली, टेप लावायला लावला आणि पट्टी शोधली. “पांढरी सहा. तुझे सर म्हणतात ती काळी पाच. म्हणजे इतकी वर्षं आपण सगळेच अर्धा सूर खाली ऐकतोय!” गंमत वाटण्याऐवजी त्यांना वाईटच वाटलं. कपाटातल्या साऱ्या कॅसेट्स एका क्षणात संशयित ठरल्या होत्या.

काळी पाच ही गिटारवाल्याच्या सोयीची पट्टी नव्हे. मोकळ्या तारा तिथे फारशा मदतीला येत नाहीत. ती पियानो आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांच्या हाताला बरी पडते. चक बेरी ज्या त्रिकुटात शिरून नावारूपाला आला, ते मुळात पियानोवादक जॉनी जॉन्सनचं होतं. गाण्याच्या नावातला ‘जॉनी’ त्याच्यावरून आला, असं बेरीने सांगितलं आहे. ‘गूड’ आला सेंट लुइसमधल्या गूड अव्हेन्यूवरून. त्या रस्त्यावरच्या घरात बेरीचा जन्म झाला होता. गाण्यातला नायक मात्र खेड्यातला, अक्षरशत्रू, पण गिटार हातात आली की सगळ्यांना थांबवणारा. बेरीने आधी त्याला ‘काळा मुलगा’ म्हटलं होतं. १९५८ च्या अमेरिकेत गोऱ्यांच्या रेडिओ केंद्रांनी ते वाजवलं नसतं, म्हणून त्याने एक शब्द बदलून ‘खेड्यातला मुलगा’ केलं. शिकागोच्या चेस कंपनीने ती तबकडी मार्चअखेर बाजारात आणली आणि ती गोऱ्यांच्या तसंच काळ्यांच्याही यादीत पहिल्या दहांत पोचली.

आणि ती सतरा सेकंदं? ती तरी बेरीची कुठे होती! लुई जॉर्डनच्या १९४६ सालच्या एका तबकडीच्या सुरुवातीला कार्ल होगन नावाच्या वादकाने जवळपास हाच तुकडा एकेरी सुरांत वाजवला होता. बेरीने तो उचलला, टी-बोन वॉकरकडून घेतलेली दोन तारा एकदम छेडण्याची लकब त्यात घातली आणि लय वाढवली. होगनचं ऋण त्याने कधी लपवलं नाही. वरच्या दोन तारांवर एकच बोट आडवं ठेवून दोन सूर एका फटक्यात काढायचे आणि तिसऱ्या तारेवरून घसरत त्यांच्यापर्यंत पोचायचं, ही त्यातली खरी मेख. माझी घसरण तीन महिने चुकत होती.

“रोज तीच जागा घोटतोयस,” आजोबा एकदा म्हणाले.

“कंटाळलात ना?”

“कंटाळायचं काय त्यात? केसरबाई किती वर्षं घोटत होत्या अल्लादियाखाँसाहेबांपुढे बसून!” केसरबाई केरकरांच्या बैठका त्यांनी तरुणपणी मुंबईत ऐकल्या होत्या. चक बेरी त्यांना अखेरपर्यंत आवडला नाही, पण घोटणं पटायचं.

पुढे कळत गेलं की हे घोटणं जगभर चाललं होतं. १९६४ सालच्या बीच बॉइजच्या ‘फन, फन, फन’ची सुरुवात ऐका, तीच सतरा सेकंदं कॅलिफोर्नियाच्या समुद्रावर जाऊन आलेली. बीटल्सनी हे गाणं बीबीसीसाठी वाजवलं. जिमी हेंड्रिक्सने १९७० मध्ये बर्कलीत ते अक्षरशः पेटवलं, तर १९८३ मध्ये पीटर टॉशने त्याला जमैकाच्या रेगेची चाल दिली. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स १९८६ मध्ये बेरीला हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने आणायला उभा राहिला, तेव्हा त्याने भर सभेत कबूल केलं की याची एकूण एक करामत आपण उचलली आहे.

बेरीने या प्रसाराचा व्यवहारी उपयोगही करून घेतला. वाद्यवृंद पोसण्याचा खर्च त्याने टाळला. विमानातून गिटार घेऊन एकटा उतरायचा, पैसे रोख मोजून घ्यायचा आणि ज्या गावी कार्यक्रम तिथलीच पोरं साथीला घ्यायचा. तालीम नाही, यादी नाही. १९७३ साली अशाच एका रात्री ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या मंडळींनी त्याला साथ केली. कोणती गाणी वाजवायची, या प्रश्नावर बेरीने उत्तर दिलं ते एवढंच की चक बेरीची. मग तो न सांगता पट्टी बदलायचा आणि मागच्यांची धावपळ उडायची. अमेरिकेतल्या कुठल्याही गावात गिटार धरणाऱ्याला आपली गाणी येतच असणार, हे त्याने गृहीत धरलं होतं आणि ते बरोबर होतं.

माझ्या मुलीला हे गाणं सापडलं ते ‘बॅक टू द फ्यूचर’ या १९८५ च्या सिनेमात. तिथे मार्टी नावाचा पोरगा काळाच्या यंत्रातून १९५५ सालात जातो, शाळेच्या नाचात हे गाणं वाजवतो आणि मागे कुणीतरी फोन करून ते चक बेरीलाच ऐकवतो. म्हणजे गाणं बनलं कुणाचं? मुलगी त्यावर फार विचार करते. मला कार्ल होगन आठवतो.

पण सगळ्यांत लांबचा प्रवास वेगळाच आहे. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात गेली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीवर पंचावन्न भाषांतली अभिवादनं आहेत, त्यांत मराठीही. आणि जगभरच्या संगीताचे सत्तावीस नमुने आहेत. त्यांत रॉक अँड रोलचं गाणं एकच, ‘जॉनी बी. गूड’. लोकसंगीताचा अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स याला ते पोरकट वाटलं होतं. पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत, असं ही तबकडी जुळवणाऱ्या मंडळींचा प्रमुख कार्ल सेगन याने त्याला सुनावलं. त्याच तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. दुसरं यान ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

हे मी वाचलं तेव्हा आजोबा नव्हते. त्यांना सांगायची राहून गेलेली गोष्ट म्हणजे तबकडीच्या वेष्टणावरची आकृती. हा ठेवा सापडेल त्याने तबकडी किती वेगाने फिरवायची, ते तिथे कोरून ठेवलं आहे. एका फेरीला ३.६ सेकंद. कुण्या परक्या श्रोत्याने भैरवी किंवा बेरी अर्धा सूर खाली ऐकू नये, म्हणून केवढी काळजी! आमच्या टेपरेकॉर्डरवर असं काही लिहिलेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना तो टेपरेकॉर्डर निघाला, आणि ती कॅसेटही. मुलगी फोनवरून, वेग निम्मा करून, ती सतरा सेकंदं आठवडाभरात शिकली होती. आता मोबाइलवर वेग कमी केला तरी सूर उतरत नाही. तिने दोन्ही एकदम लावून पाहिले. खोलीत जो कल्लोळ झाला त्याने ती इतकी हसली की गिटार खाली ठेवावी लागली.

मग तिने फोन बंद केला. गिटारच्या साही तारा एकेक करून अर्ध्या सुराने उतरवल्या, बोटं सहाव्या फ्रेटवर ठेवली आणि म्हणाली, “बाबा, तुमचा टेप लावा.”