दांड्याची कॉफी

आज यंत्र घरी आलं. ना विजेची तार, ना पंप, नुसता दांडा. पाणी किटलीत उकळायचं, 16 ग्रॅम बारीक दळलेली अराकूची कॉफी गाळणीत दाबून बसवायची आणि दांडा आपल्या हातानं ओढायचा. दाब साधारण नऊ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट. मिलानच्या आकिले गाज्जा यांनी 1948च्या सुमारास दांड्याची यंत्रं बाजारात आणली, तेव्हापासून कॉफीवर तांबूस साय दिसू लागली.

पहिला कप धो धो वाहून गेला. दळण जाड होतं. दुसऱ्या खेपेला ते फारच बारीक झालं, दांडा हलेचना. तिसऱ्यांदा तो आधी अडला, मग मऊ झाला आणि मधासारखी दाट धार उतरली. ते अडणं तळहाताला कळतं, हे मला फार आवडलं. बटणाच्या यंत्रात हे नाही.

हैदराबादेतल्या काचीगुड्याचं आमचं घर इराणी चहाचं. तिथं चहा तासन्‌तास दमावर आणि दूध वेगळं आटवलेलं. या यंत्रात सगळा खेळ तीस सेकंदांचा. आईनं उस्मानिया बिस्कीट कपात बुडवलं, डोळे मिटले.

"कडू आहे रे. पण अजून एक कर."

दळण एक खूण बारीक केलंय. किटली पुन्हा चढवतो.