उलुवातूची संध्याकाळ

इंडोनेशियातील बाली बेटाच्या दक्षिण टोकाला उलुवातू नावाचे प्राचीन मंदिर आहे. हिंदी महासागराच्या लाटा जेथे रात्रंदिवस आदळतात, त्या कड्याच्या माथ्यावर, सुमारे 70 मीटर उंचीवर ते उभे आहे. सूर्यास्ताच्या सुमारास तेथे उघड्या रंगमंचावर ‘केचक’ नृत्य होते. 2019 साली काही धर्मगुरूबांधवांसमवेत ते पाहण्याचा योग आम्हांला लाभला.

मंदिराच्या आवारात लांब शेपटीच्या माकडांचे राज्य आहे. “चष्मे काढा, टोप्या पिशवीत घाला,” असे गाडीच्या चालकाने आम्हांला आधीच बजावले होते. परंतु आमच्यातील सर्वांत वडील फादरांना चष्म्याविना पायरी दिसत नाही. त्यांनी तो एका हाताने घट्ट धरला होता. तरीही भिंतीवरून एक माकड अलगद त्यांच्या खांद्यावर उतरले आणि क्षणार्धात चष्म्यासह झाडावर पोहोचले. त्याने तो मोडला नाही की टाकला नाही; हातात धरून ते शांतपणे वाट पाहत राहिले. मंदिराच्या सेवकाने केळे दाखविले, ते त्याने नाकारले. अंडे पुढे आले तेव्हा कोठे चष्मा खाली पडला. सगळे हसले. वडील फादर मात्र म्हणाले, “ह्याला हा व्यापार शिकविला कोणी?”

प्रश्न विनोदाचा, पण उत्तर गंभीर आहे. उलुवातूच्या ह्याच माकडांविषयीचे एक संशोधन 2021 साली प्रसिद्ध झाले. माणसाला कोणती वस्तू अधिक प्रिय आहे हे येथील प्रौढ माकडे ओळखतात आणि तिच्या बदल्यात अधिक चांगला खाऊ मागतात, असे त्यात दिसून आले. लहान पिल्लांना ही जाण नसते; वाढत्या वयात ती अंगी बाणते. रानात चष्म्याला मोल नाही. तो सोडविण्यासाठी खाऊ देणारा माणूस भेटला, तेव्हाच त्याला मोल आले. म्हणजे गुरू आपणच!

सूर्य समुद्राला टेकला आणि पन्नासहून अधिक पुरुष वर्तुळात येऊन बसले. अंग उघडे, कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र. वाद्य एकही नाही. केवळ कंठातून उमटणारा ‘चक्-चक्-चक्’ असा नाद. त्या नादावर सुवर्णमृग आला, सीताहरण झाले. महाराष्ट्रात ज्याचे देऊळ गावोगावी असते तो मारुती येथे शुभ्र वेषात अवतरला आणि नारळाच्या सोडणांचा जाळ पायांनी उधळीत निघाला. त्या वर्तुळात एक ओळखीचा चेहरा दिसला. तो आमच्या गाडीचा चालक होता!

पाहणाऱ्याला हे नृत्य पुरातन वाटते. त्यातील पुरुषांचा नाद ‘संघ्यांग’ ह्या जुन्या धार्मिक विधीतला आहे खरा. परंतु रामायणकथेची जोड देऊन त्याला आजचे रूप मिळाले ते 1930 च्या दशकात. वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार आणि वायान लिंबाक हा बालीचा नर्तक ह्या दोघांचा त्यात मोठा वाटा होता. परदेशी पाहुणे हाच त्याचा प्रेक्षक. “म्हणजे हाही सौदाच की!” आमच्यातील एक जण परतताना म्हणाला. चालकाने ते ऐकले. तो शांतपणे म्हणाला, “पैसे मिळतात, फादर. पण माझे वडीलही ह्याच वर्तुळात बसत. ते गेले त्या आठवड्यातही मी येथे बसलो होतो, तो काही पैशांसाठी नव्हे.” गाडीत कोणी काही बोलले नाही.

पुढे 2020 साली महामारीने बालीचे दरवाजे परदेशी पाहुण्यांना बंद झाले. त्याच बेटावरील सांगेहच्या वनातील माकडे भुकेने गावातील घरांच्या छपरांवर येऊ लागली. गावकरी त्यांना फळे आणि शेंगदाणे नेऊन देत, असे 2021 साली वृत्तपत्रात वाचले. घरांची नासधूस टळावी हा हेतू त्यात होताच. तरीही स्वतःची मिळकत बंद पडलेली असताना त्या माणसांनी घासातला घास काढला, आणि बदल्यात काही परत मिळायचे नव्हते.

देवाणघेवाण वाईट नव्हे; संसार तिच्यावरच चालतो. पण सौदा संपल्यावर आपल्या हाती देण्याजोगे काय उरते, त्यावरून माणसाची पारख होते. आपल्या घरातील मुले आपल्याकडे पाहूनच शिकत असतात. त्यांना आपण केवळ वस्तूंचे मोल शिकवितो की हेही शिकवितो, ह्याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.